टर्की आणि मार्गशीर्षातला गुरुवार

फोंड्याची उतरण

२५ नोव्हेंबर १९५७, सोमवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कोल्हापूरच्या स्टँडवरून मालवणची एस.टी. सुटली आणि हा प्रवास सुरू झाला. शाळेतून निवृत्त होऊन मला तेव्हा बरीच वर्षे झाली होती. प्रवासाचा हेतू ऐकून घरची सर्व मंडळी हसली होती, तरी तो सांगणे भाग आहे. एका अमेरिकन बाईंना मालवणात टर्की नावाचा पक्षी मिळवून द्यायचा, आणि तो खायला माणसे बसतील अशी व्यवस्था करायची, एवढे काम होते. मी स्वतः मांसाहार करीत नाही.

बाईंचे नाव रूथ कोलमन. त्यांचे पती मच्छीमारांच्या होड्यांना इंजिने बसवून देण्यासाठी अमेरिकेतून आलेले इंजिनिअर. मालवणला जाण्यापूर्वी एक हिवाळा दोघे कोल्हापुरात राहिले. त्या काळात मी बाईंना मराठी शिकवले. विद्यार्थिनी कष्टाळू होती.

नोव्हेंबरच्या आरंभी कोलमन कोल्हापुरास आले असता मला भेटले. त्यांच्या देशात नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी आभारदिन पाळतात. पीक घरात आले म्हणून देवाचे आभार मानायचे आणि शेजारीपाजारी व आप्त यांच्यासह टर्की खायचा, असा तो सण. ते म्हणाले, "गणपतीत, दिवाळीत, बारशाला, सगळीकडे आम्हांला जेवायला बोलावतात. आमच्या घरी मात्र आठ महिन्यांत कोणी घोटभर पाणी घेतलेले नाही. रूथ म्हणते, त्या दिवशीही कोणी जेवले नाही तर मी डिसेंबरात परत जाईन. ती गेली तर मीही थांबणार नाही." एवढे बोलून त्यांनी मला सोबत येण्याची विनंती केली. मी तीन आठवड्यांनी येतो म्हणालो, आणि आलो.

फोंड्याचा घाट उतरताना हवा बदलते. वर अंगावर शाल होती. खाली फोंडाघाटच्या बाजारात ती काढून वळकटीत घातली. भातकापणी उरकली होती. खळ्यांत पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. आमच्याकडे त्या दिवसांत उसाची धांदल असते. इकडे शेत मोकळे आणि माणूसही मोकळा. गाडी थांबली तेव्हा एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन चढली आणि ती पाटी तिने माझ्या पायांशी ठेवली. एका कोंबड्याने माझ्या धोतराचा सोगा चोचीत धरला. विषय निघालाच आहे तर विचारावे म्हणून मी तिला टर्कीचे वर्णन सांगितले: कोंबड्याच्या जातीचा, पण चौपट मोठा, गळ्याखाली लाल कातडे लोंबते.

"तसो काय आमच्याकडे नाय," ती म्हणाली. "मोठो होयो तर दोन कोंबडे घ्या."

सल्ला व्यवहार्य होता. पण आभारदिनाला तो चालणार नव्हता.

मालवण, मंगळवार

कोलमन यांचे भाड्याचे घर गावाच्या टोकाला, माडांत. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, पलीकडे समुद्र. मी माझा स्टोव्ह व डाळतांदूळ बरोबर नेले होते; पडवीच्या कोपऱ्यात माझे मी रांधून खात असे. याबद्दल त्या घरात कोणी काही बोलले नाही.

घरी स्वयंपाकाला बाबल नावाचा माणूस होता. उंचीने बेताचा, हात चपळ, बोलणे गोड. टर्की कुठे मिळेल हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. कोणी त्याला विचारले नव्हते. "कायतान पाववाल्याकडे आसत. तेची बायल फिलसू पाळता," तो म्हणाला. सकाळी तो मला व रूथबाईंना तिकडे घेऊन गेला.

कायतानची भट्टी रस्त्यालगत होती. मागच्या परसात केळींखाली दोन टर्की छाती फुगवून एकमेकांभोवती फिरत होते; अंड्यांसाठी राखलेली मादी बाजूला दाणे टिपीत होती. तिकडे या पक्ष्याला पेरू म्हणतात. फिलसूबाय पन्नाशीची, धिप्पाड, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मला आपल्याकडून यांपैकी एक पक्षी विकत मिळू शकेल काय?" रूथबाईंनी विचारले.

फिलसू माझ्याकडे वळली. "मास्तर, ही बाय कचेरीत इल्यासारखी कित्याक बोलता?"

"मी तसे शिकवले आहे."

"मगे तुमचाच चुकला." ती पुन्हा बाईंकडे वळली. "पेरू आसत गो, पण ते नाताळाचे. एक जांवयाक, एक पाद्रीबाक. जांवय मुंबयसून येतलो. लग्न झाल्यार पयलो नाताळ. तेच्या ताटात काय घालू, भोपळो?"

"तुज्या भियान तो भोपळो पण खायत," आतून कायतान म्हणाला.

"तू पाव बघ."

तेवढ्यात दोन्ही पक्षी एकमेकांवर तुटून पडले. बाबलने मध्ये काठी घातली. एकाच्या मानेतून रक्त येत होते. फिलसूने त्याला उचलून काखेत धरले व जखम पाहिली. कायतान हात पुसत दारात आला. "दोगव दादले, एक परस. नाताळापर्यंत एकच रवतलो. माका विचारशीत तर हेंका एक देऊन टाक."

"आणि पाद्रीबाक?"

"पाद्रीबाक यंदा केक."

फिलसूने पक्ष्याच्या मानेवरचे रक्त हाताने पुसले. मग रूथबाईंना विचारले, "तुज्या आवशीकडे ह्या दिवसाक कोण कोण जेवक येता?"

"आईकडे एकवीस माणसे," रूथबाई म्हणाल्या. "यंदा एकोणीस."

"दितंय," फिलसू म्हणाली. "पण म्हयनो आदी आसा, अंगार चरबी नाय. सुको झालो तर माका बोल लावचो नाय. आणि भाजूचो तो माज्या भट्टयेत. दुसऱ्याच्या हातात दिवचंय नाय."

रूथबाईंनी दोघांना गुरुवारी संध्याकाळी भोजनास येण्याची विनंती केली. "येतलंव," फिलसू म्हणाली. "गुरवार आसा ता बरा. शुक्रवारी आमी मास खाणव नाय."

गुरुवार शब्द उच्चारला गेला तेव्हा बाबलने काठीला गुंडाळलेली दोरी सोडवायला घेतली. दोरीत गुंता नव्हता. हे मी पाहिले.

संध्याकाळी तो माडाखाली भांडी घाशीत असताना मी त्याला विचारले, "बाईंनी गुरुवारी जेवायला बोलावले आहे, त्या वाडीतले कोण कोण येणार आहेत?"

"सगळीच. सगळ्यांनी हो म्हटलानी."

"खाणार कोण?"

त्याने एक पातेले दोनदा घासले. "खावचो कोण नाय."

"का?"

"मार्गशीर्षातलो पयलो गुरवार, मास्तर. घराघरात लक्ष्मी मांडतले. मास कोण शिवतलो?"

मार्गशीर्ष लागल्याचे मला माहीत होते. आमच्या घरी मांस कधीच नसल्यामुळे मी या दोन गोष्टी एकत्र आणून पाहिल्या नव्हत्या.

"बाईंना सांगितलेस?"

"कसा सांगू? ती हसान इचारता, सगळे येतले मां? मगे माज्या तोंडातसून हो येता."

"गुरुवारी चूल तुझ्याच हातात असणार. तेव्हा काय करणार होतास?"

"सकाळी माज्या पोटात दुखाक लागतला, असा ठरयला होता."

मी त्याला सांगितले की तशी गरज पडणार नाही.

बुधवार

सकाळी मी रूथबाईंना जे होते ते सांगितले. त्या टेबलावर पांढरी चादर घालीत होत्या. ती त्यांनी घडी करून परत ठेवली.

"मग ते हो का म्हणाले, गुरुजी?"

"येण्याला हो म्हणाले. खाण्याचे कोणी काही बोलले नव्हते."

त्यांनी दिवस बदलण्याचा विचार केला. शुक्रवार धरला तर फिलसू व कायतान उपाशी राहणार होते. शनिवार अर्ध्या वाडीत मारुतीचा. रविवार सर्वांना मोकळा होता, पण शुक्रवारच्या बोटीने कोलमन कामासाठी मुंबईला जाणार होते. शिवाय त्यांचा सण गुरुवारचाच. एवढे झाल्यावर बाई म्हणाल्या, "आठ महिने सगळे मला हो म्हणत आले आहेत. आता मला कळले, ते काय आहे." आणि त्या आत गेल्या. त्यांची ट्रंक पलंगाखालून ओढल्याचा आवाज मी पडवीत ऐकला.

शेजारच्या घरात जनाकाकी राहत असे. कोलमन यांच्या घराची मालकीण तीच. विधवा, वय साठीच्या पुढे, मुलगा मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. वाडीत काय करायचे हे चेअरमन सभेत सांगत असे आणि त्याला ते घरी सांगितलेले असे. मी तिच्या खळ्यात गेलो. ती नवे तांदूळ सुपात घेऊन पाखडत होती. तिने मला बसायला पाट दिला.

"उद्या गुरवार आसा, मास्तर," मी काही बोलण्यापूर्वीच ती म्हणाली. "तुमी बामण. तुमकाच आदी कळाक होया होता."

"उशिरा कळले. पण तुम्हांला आधीपासून कळलेले होते. तुम्हांपैकी एकालाही ते तिला सांगता आले नाही?"

"पावण्याक तोंडार नाय म्हणूचा कसा?"

"पाहुणा चार दिवस असतो. ती तुमच्या शेजारी आठ महिने राहते आहे."

जनाकाकीने सूप थांबवले. 

"पाणी पण घेतलेले नाही तुम्ही तिच्याकडे," मी म्हणालो.

"तिच्या घरात काय शिजता, काय नाय, कोण जाणा."

"ते विचारता येते. मी विचारतो, म्हणून स्वतःचा स्टोव्ह आणला आहे, आणि तिला तसे सांगितले आहे. तिला त्याचे वाईट वाटलेले नाही. न सांगितल्याचे वाटले."

ती माझ्याकडे रोखून पाहू लागली. अशी नजर मी शाळातपासनिसांचीच पाहिली आहे. मग तिने सूप खाली ठेवले, पदर खोचला आणि उठली. मी मागून गेलो.

रूथबाई दारात आल्या. डोळे लाल होते. त्यांनी नेहमीप्रमाणे हात जोडले आणि "आपण आत यावे" म्हणाल्या.

"बाय, आयक," जनाकाकी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "उद्या मी येतलंय. पण मास खावचंय नाय. माजी वाडीव खावची नाय. तुका हो म्हटलंय ता खोटा न्हय, पण अर्धा होता. आता पुरा सांगतंय."

रूथबाईंना शब्द समजले होते, तरी त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी काही सांगितले नाही. "मग आपण येऊन काय करणार?" त्यांनी विचारले.

"सांजेक माका उपास सोडूचो आसा. खयतरी सोडूक होयोच. तुज्याकडे पेऱ्वाशिवाय काय आसा?"

बाईंनी सांगितले: भात, रताळी, मका, आणि भोपळ्याचे गोड.

"भोपळ्यात काय घालतंस?"

"गूळ, दूध. आणि अंडी."

"अंडी नको."

"अंड्यांशिवाय ते घट्ट होत नाही."

"नारळाचो रस घाल, थोडा तांदळाचा पीठ घाल. घट्ट कसो होणा नाय ता बघतंय. आणि भांडी माजी. तुज्या भांड्यात आठ म्हयने काय शिजला ता माका सांगा नको."

"आणि टर्की?"

"तो फिलसू खायत, तुजो घोव खायत. उरात ता माका शुक्रवारी सकाळी दी. खोबऱ्या-मसाल्याचा वाटप मी करतंय. तसो सुको भाजून कोण खाता काय?"

आठ महिन्यांत या बाईंना वाडीत मिळालेला हा पहिला नकार. तो मिळाल्यावर रूथबाईंनी जनाकाकीला पडवीतला स्टूल पुढे केला आणि म्हणाल्या, "बस, काकी. भोपळा दाखवते." जनाकाकी उंबरा ओलांडून आत आली व बसली. भोपळा तिने बोटाने वाजवून पाहिला आणि तो कच्चा ठरवला. दुसरा तिच्या घरून आणण्यात आला.

गुरुवार

पक्षी मारण्याची त्या लोकांची रीत मी लांबून पाहिली. फिलसूने त्याची चोच उघडून घोटाघोटाने काजूची दारू पाजली. त्याने मांस मऊ पडते असे ती म्हणाली. मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती. दारू कुठून आली हे मी विचारले नाही, आणि पिणारा परवान्याच्या पलीकडचा होता. पक्षी थोडा वेळ डौलात चालला, मग भट्टीच्या दारातील पिठाच्या पोत्यांवर जाऊन बसला. पाव न्यायला आलेली माणसे त्याची झोप मोडू नये म्हणून बाजूने वाट काढीत होती. पुढचे मी पाहिले नाही.

पोटात भरायच्या सारणावरून दोघी बायकांत वाद झाला. रूथबाईंना पावाचे तुकडे, कांदा व लोणी हवे होते. फिलसूला लसूण, मिरी व माडाचे व्हिनेगर. शेवटी पोटात अमेरिका आणि अंगावर मालवण, असे ठरले. सारणातला पाव कायतानचाच होता. सकाळचे पाव निघाल्यावर त्याने भट्टीतले निखारे ओढून काढले, पक्षी पत्र्याच्या परातीत आत सरकवला आणि दार ओल्या मातीने लिंपले. त्यांच्याकडे या पक्ष्याबरोबर एका आंबट लाल फळाची चटणी लागते. ते फळ इकडे नाही. रूथबाईंनी आमसुले गुळात शिजवली. रंग बरोबर आला, असे कोलमन म्हणाले. चवीबद्दल त्यांनी फक्त मान हलवली.

बाबलच्या पोटात दुखले नाही. मांस सोडून बाकी सर्व त्याने रांधले, आणि जनाकाकी स्वतःच्या भांड्यांसह दुपारपासून त्याच्या डोक्यावर उभी होती. "मेल्या, नारळाचो रस असो उकळवतत? फुटलो बघ." "तू बोलून फोडलंस तो, काकी." असे त्यांचे चालले होते.

दिवेलागणीला वाडीची माणसे आली. घरोघरी पूजा आटपून, हळदकुंकू लावून बायका आल्या, पुरुष मागून. टेबल काढून पडवीत चटया अंथरल्या होत्या. एका बाजूला फिलसू, कायतान व कोलमन, त्यांच्यापुढे टर्की. दुसऱ्या बाजूला वाडी, पुढे केळीची पाने. मधे हातभर मोकळी जागा. रूथबाई कुठे बसणार हे ठरले नव्हते. त्या वाढत होत्या.

भात वाढून झाला तरी वाडीच्या रांगेत कोणी हात लावला नाही. सर्वजण जनाकाकीकडे पाहत होते. ती पानाकडे पाहत होती. कोलमन यांनी सुरी खाली ठेवली. रूथबाई हातात भाताचे भांडे घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"पाणी दी गो," जनाकाकी म्हणाली.

रूथबाईंनी घरातल्या माठातून तांब्या भरून आणला. जनाकाकीने पाणी ओंजळीत घेऊन पानाभोवती फिरवले, आणि तांब्या वर धरून उरलेले प्याली. मग भोपळ्याचा घास घेतला. "पातळ झालो," ती म्हणाली. "पण गोड आसा." रांगेतले हात पानांकडे गेले.

टर्कीविषयी मला स्वतःचे मत नाही. कोलमन म्हणाले, चांगला आहे. फिलसू म्हणाली, सुका आहे, आणि तिने ते आधीच सांगितले होते. कायतानने तीनदा घेतला. मी त्या रात्री माझा स्टोव्ह पेटवला नव्हता. वाडीच्या रांगेच्या टोकाला मला पान मांडलेले होते. भात नवा होता, थोडा चिकट.

रूथबाई शेवटी मधल्या मोकळ्या जागेत बसल्या. जेवता जेवता त्यांनी फिलसूला विचारले, "टर्कीची अंडी मला मिळतील? खुडूक कोंबडीखाली ठेवीन म्हणते."

"आता खंय? उन्हाळ्याच्या तोंडार मिळतली. तवसर तू आसंस काय हयसर?"

"मी आहे," रूथबाई म्हणाल्या.

कोलमन यांनी त्यांच्याकडे पाहिले, आणि आणखी भात मागितला.

मंडळी पांगली तेव्हा परातीत निम्मा पक्षी उरला होता. सकाळी वाटप घेऊन येईपर्यंत तो नीट ठेवा, असे बजावून जनाकाकी गेली. कोलमन फिलसू व कायतान यांना कंदील घेऊन पोचवायला गेले होते. शेजारचे मांजर पडवीच्या कठड्यावर येऊन बसले. शिंके आढ्याला उंच टांगलेले होते. रूथबाईंचा हात तिथवर पोचत नव्हता, आणि गुरुवार असल्यामुळे बाबल परातीला शिवेना. घरात उंच माणूस मीच होतो. मी ते मांस पातेल्यात भरले, वर झाकण ठेवले, पातेले शिंक्यात बसवले आणि गाठ ओढून पाहिली. मग विहिरीवर जाऊन स्नान केले, धोतर पिळून दोरीवर वाळत घातले.